इंदूमावशींची जलपर्णी

बेहाला या बंगाली उपनगरात आमच्या घरामागे एक तळं आहे. दर रविवारी सकाळी चौऱ्याहत्तर वर्षांच्या इंदूमावशी करमरकर पदर खोचून पायरीवर बसतात आणि बांबूच्या आकडीने जलपर्णी ओढतात. कोणी मदतीला आलं तर आधी त्यालाच झापतात, "नुसती पानं काय तोडतोस? मुळासकट काढ!"

मी एकदा म्हटलं, "मावशी, हे कॉर्पोरेशनचं काम. तुम्ही कशाला करता?"

"कारण ही ब्याद मीच आणली. लग्न होऊन इथे आले, त्या वर्षी गणपतीच्या मखराला जांभळी फुलं हवी होती. बराकपूरहून रोपंच आणली. मग निर्माल्य कचऱ्यात कसं टाकायचं? विसर्जनाच्या दिवशी सगळं इथेच सोडलं, मुळांसकट. दोन वर्षांत पाणी दिसेनासं झालं. मासे मेले, पाणकोंबड्या गेल्या."

यंदा तळं जवळजवळ मोकळं झालंय. परवा काठाशी एक पाणकोंबडी दिसली. मी मावशींना म्हटलं, "आली बघा परत. आता पुरे करा."

"या जलपर्णीचं बी चिखलात वीस वर्षं जिवंत राहतं," मावशी आकडी उचलत म्हणाल्या. "मला इतक्यात मरून चालायचं नाही."