क्लचची ढील

माझ्या दुकानात बाकाखाली तेलाचा एक जुना डबा आहे. गाड्यांतून काढलेल्या क्लच प्लेटा मी त्यात टाकतो. त्या भंगारात द्यायच्या असतात, पण भंगारवाला आला की मी दुसरंच काहीतरी देतो. एखादी प्लेट हातात घेतली की ती कोणाच्या गाडीची ते आठवतं, आणि मग ती डब्यात परत जाते. किस्सेही असेच साठत गेले. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, बोलतोही हळू. तेव्हा बसा, चहा येऊ द्या.

दुकान भिलाईत, सेक्टर दहाच्या बाजारामागे. शेजारी साहूची चहाची टपरी. आणि संध्याकाळी माझ्या बाकावर देशकर साहेब. स्टील प्लांटमध्ये बाबू होते. नोकरीभर याच सेक्टरच्या क्वार्टरमध्ये राहिले, रिटायर झाल्यावर दुर्गला मोहन नगरात घर केलं. पण जीव इथेच. रोज बायकोला, म्हणजे आमच्या वयनींना, मोटारसायकलवर मागे बसवून यायचे. वयनी जुन्या शेजारणींकडे, साहेब माझ्या बाकावर!

*

नंदिनी नगरचा एक तरुण गाडी घेऊन आला. म्हणाला, "काका, रेस देतो तर इंजिन गरजते, पण गाडी पुढेच नाही जाऊन राहिली."

साहूने टपरीतूनच त्याचं नेहमीचं छत्तीसगढी निदान केलं, "गाड़ी चिल्लावत जादा हे, रेंगत कम हे!"

क्लच घसरत होता. इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचत नव्हता. याची परीक्षा सोपी आहे. गाडी वरच्या गियरमध्ये टाकायची, ब्रेक घट्ट धरायचा आणि क्लच सोडायचा. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडतं. मी त्याला तसं करायला सांगितलं. त्याने क्लच सोडला. इंजिन आरामात चालूच!

पोरगा आनंदाने उडाला. "पाहा काका, बंदच नाही पडली! दमदार गाडी आहे आपली!"

देशकर साहेब म्हणाले, "मिस्त्री, आता याले सांगा, की बंद पडली असती तर बरं होतं."

*

एका जावयाची गोष्ट. सासरे अमरावतीहून नवी कार घेऊन आले. कारचं उरलेलं उंची ऑइल त्यांनी प्रेमाने जावयाच्या मोटारसायकलमध्ये ओतलं. आता मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचं ते ऑइल त्याला फारच गुळगुळीत पडलं. क्लच लागला घसरायला.

मी म्हटलं, "ऑइल काढून टाकतो, गाडी ठीक होईल."

जावई घाबरला. "आता नको, भाऊ! सासरे अजून घरीच आहेत. रोज विचारतात, गाडी आता कशी चालून राहिली?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"सांगतो, मक्खन!"

सासरे अमरावतीला परत जाईपर्यंत तो सायकलवाल्यांच्या मागे मागे ऑफिसला गेला.

*

एकाच्या प्लेटा सारख्या जळायच्या. चालवताना त्याची बोटं कायम क्लचच्या दांडीवर असायची. दांडी जराशी दाबलेली राहिली, तरी प्लेटा पुऱ्या चिकटत नाहीत. घासत राहतात.

मी विचारलं, "बाबू, क्लच कावून धरून ठेवतो?"

तो म्हणाला, "निघतानी आई रोज दारात येऊन सांगते न, सांभाळून जाजो."

नव्या प्लेटा टाकल्या आणि मीही म्हटलं, सांभाळून जा.

*

मग देशकर साहेबांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं, चालणं सुधारलं, डावा हात कमजोर राहिला. गाडी घरी कापडाखाली गेली. पुण्याहून मुलाचा फोन यायचा, "बाबा, विकून टाका." साहेबांनी त्याला सांगितलं, "हातानं क्लच दाबला गेला की चालवीन. नाही दाबला गेला, तर तू म्हणशील तसं."

माझा बाक रिकामा राहू लागला. एकदा मी भेटायला गेलो. साहेब अंगणात कापड काढून गाडीवर बसले होते, डाव्या हाताने दांडी ओढत होते. दांडी अर्ध्यावर थांबत होती. वयनी दारात उभ्या राहून पाहत होत्या.

आणि मग एका संध्याकाळी गाडी बाजारात आली. साहेब पुढे, वयनी मागे! दुरूनच ओरडले, "मिस्त्री, दाबला!" साहूने सगळ्यांना चहा पाजला.

पण मी आवाज ऐकला. इंजिन ओरडत होतं, गाडी रांगत होती. पाहिलं तर दांडीला ढीलच नाही. दांडी दाबली की आधी थोडी रिकामी हलायला हवी. वायर ताणून ती ढील संपवली, की दांडी अर्धी दाबली तरी क्लच सुटतो. पण मग तो घसरतो, प्लेटा जळतात. मी नेहमीसारखी ढील दिली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले. "काय माहीत मिस्त्री, तुमच्याकडून गेलो आन् हात पुन्हा जड झाला. काल गियरच पडून नाही राहिले. आज पुन्हा हलका आहे!"

पाहिलं, वायर पुन्हा ताणलेली. मी ढील दिली की पुन्हा तेच.

साहू हळूच म्हणाला, "बाबूजी खुद कसत होही."

मलाही वाटलं, साहेब स्वतःच वायर ताणत असतील. पण साहेबांना क्लचचा स्क्रू कोणता आणि आरशाचा कोणता, हे नोकरीभर कळलं नव्हतं.

*

विश्वकर्मा पूजेचा दिवस. त्या दिवशी भिलाईत कोणी पान्याला हात लावत नाही. माझी हत्यारं धुऊन, हळद-कुंकू लावून टेबलावर मांडली होती. साहेब आणि वयनी प्रसादाला आले. गाडीला जळका वास येत होता.

साहेब साहूजवळ बुंदी खात बसले. मी सवयीने गाडीजवळ वाकलो आणि दांडीच्या मुळाशी असलेल्या, ढील देण्याच्या स्क्रूकडे हात नेला. वयनी मागून आल्या.

"आज विश्वकर्मा आहे न, भाऊ. आज नका हात लावू."

मी म्हटलं, "वयनी, याले पाना नाही लागत. बोटानं फिरते."

"मले माहीत आहे," वयनी म्हणाल्या.

मी सरळ उभा राहिलो. तिकडे साहेब डावी मूठ उघडून मिटून साहूला दाखवत होते. "पाहा, साहू! पुरा हात आला. डॉक्टरलेही नवल वाटंल!"

वयनी त्या मुठीकडेच पाहत होत्या. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "ह्या प्लेटा बाजारात मिळतात न, भाऊ?"

"मिळतात, वयनी."

"मंग झालं."

दोघं निघाले. कोपऱ्यावर इंजिन जोरात ओरडलं. साहूने त्याचं नेहमीचं बोलायला तोंड उघडलं. मी त्याच्या हातावर आणखी बुंदी ठेवली.