फक्त तांदूळ

आमच्या नायगावात गुणाजीमामांच्या पिठाच्या गिरणीची ख्याती एकच: दळण कधी कमी भरत नाही. दळून झालं की मामा काठी घेऊन पीठ पडायच्या कापडी नळीला सणसणीत फटके मारतात, चिमूटभरही आत राहू देत नाहीत. बाकी माणूस जमदग्नी.

माझ्या लेकीचं नाव पूर्वी, वय नऊ. पाचव्या वर्षी टाइप वन डायबिटीस झाला, तेव्हापासून रोज इन्सुलिन. गेल्या वर्षी सीलिअ‍ॅकही निघाला, म्हणजे गव्हानं आतडं बिघडतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीर आपलं आपल्याशीच भांडतं, अशी दुखणी डायबिटीसच्या जोडीनं येतात. आता गव्हाचा कणही चालायचा नाही. मी म्हटलं, हात्तिच्या! आम्ही मालवणी माणसं, तांदळाच्या भाकरीवरच वाढलेली.

पण सहा महिन्यांत पोरीचं वजन हललं नाही. जेवलेलं अंगी लागायचं नाही, इन्सुलिन मात्र आपलं काम करायचं, की साखर धाडकन खाली. शाळेत दोनदा चक्कर येऊन पडली. रक्तातला सीलिअ‍ॅकचा आकडाही तसाच. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पीठ कुठं दळता?

मला मामांचे ते फटके आठवले. तशीच गिरणीत गेले. गव्हामागून तांदूळ त्याच चक्कीत पडतो म्हटल्यावर मामा भडकले. चाळीस वर्षांत त्यांच्या पिठाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मीही काही कमी नाही.

"मामा, तुम्ही तिला भरभरून देता ना, त्याच फटक्यांनी नळीला चिकटलेला अख्ख्या चाळीचा गहू तिच्या डब्यात पडतो."

मामा पोत्यावर मटकन बसले. दोन दिवस शटर बंद. मला वाटलं, तुटलं नातं.

तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. मागच्या खोलीत नवी छोटी चक्की, तिला हार घातलेला, भिंतीवर खडूनं लिहिलेलं: फक्त तांदूळ. आत जाताना मामा हातपाय धुऊन सदरासुद्धा बदलायचे. कुणी गहू घेऊन तिकडे फिरकलं तर त्याची धडगत नव्हती.

आठ महिन्यांनी आकडा नॉर्मल आला. चार किलो वजन वाढलं, पोरगी खो-खोच्या संघात गेली. सुया आहेतच, जन्मभर राहणार. पण साखर आता अशी दगा देत नाही.

रिपोर्ट मामांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग पोरीच्या तांदळाचं दळण काढलं आणि काठी तिच्याच हातात दिली.

"मार गो बाय. कण पण मागे ठेवू नको."

तिनं असे फटके मारले की आम्ही तिघंही पिठानं पांढरे झालो. मी तिथंच उभी राहून रडले.