कुंकवाचं एकच बोट लावलेली डिस्क

आपल्या ईमेल लिस्टवरच्या मंडळींनो, आज सकाळी माझी नोकरी कुंकवाच्या एका बोटाने वाचवली.

डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कारखान्यात सर्व्हर चालू होईना. तो ज्या डिस्कवरून सुरू होतो, तीच गेलेली. मी निवांत होतो, कारण तिची हुबेहूब नक्कल असलेली दुसरी डिस्क खालीच बसवलेली. गेलेली काढायची, दुसरीवरून चालू करायचं, विषय संपला.

काढलेली डिस्क आम्ही हातोडीने फोडतो, फॉर्म्युले बाहेर जाऊ नयेत म्हणून. मी वरची डिस्क काढून हातोडी उचलली, तोच नवी डिस्क घेऊन आलेल्या स्टोअरच्या सुलभाताई ओरडल्या, "अरे थांब! ती धाकटी आहे!"

गेल्या खंडेनवमीला त्यांनी यंत्रांबरोबर सर्व्हरचीही पूजा केलेली. "यातली आधीची कुठली रे?" असं मला विचारून, जिच्यावरून सर्व्हर सुरू होतो त्या थोरलीला कुंकवाची दोन बोटं लावली, तिची नक्कल असलेल्या धाकटीला एक. मी केवढा चिडलेलो तेव्हा! पुढे साफसफाई करताना मीच दोघींच्या जागा बदलल्या आणि साफ विसरलो.

माझ्या हातातल्या डिस्कवर कुंकवाचं एकच बोट होतं.

धाकटीवरून सर्व्हर पाच मिनिटांत चालू झाला. "आता हीच थोरली," म्हणत ताईंनी तिला दुसरं बोट लावलं. नव्या डिस्कसाठी कुंकवाची डबी मीच पुढे केली.

तुमच्याकडे अशा खुणा कोण करून ठेवतं? आणि त्या माणसावर तुम्ही शेवटचं कधी चिडलात?