संगणकातले दाजी

माझे दाजी, कबासो, हा माणूस शहाणा की ठार मूर्ख, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बहिणीचा नवरा पडला, म्हणून तोंडावर बोलत नाही. इथे बोलतो.

तांब्याच्या कारखान्यात आम्ही दोघं. मी खाली भट्टीपाशी, ते वर छताखाली क्रेनच्या केबिनमध्ये. वितळलेल्या धातूच्या अवाढव्य बादल्या उचलून एका भट्टीतून दुसरीत ओतायच्या, हे त्यांचं काम. गंधकाचा धूर, आम्ही त्याला सेंटा म्हणतो, तो वरच चढतो. त्यानंच त्यांची छाती गेली. हल्ली जिना चढताना मध्येच थांबतात आणि बुटाची नाडी बांधायचं नाटक करतात.

दुसऱ्या क्रेनवर जेरे. तो न्गोनी जमातीचा, आम्ही बेंबा, म्हणजे जन्माचं थट्टेचं नातं. तो आम्हाला माकडखाऊ म्हणणार, आम्ही त्याला उंदीरखाऊ. मयताला आला तरी टोमणा मारणार, आणि राग मानायचा नाही. गप्प बसलात तर हरलात.

अशात कारखान्यात नामुकोलो नावाची इंजिनियर पोरगी आली. तिनं अख्खा कारखाना संगणकात उतरवला. भट्ट्या, बादल्या, क्रेन, सगळं पडद्यावर हलायचं. नवी भट्टी न बांधता, नुसत्या फेऱ्या नीट लावून तांबं किती वाढतं, ते तिथे आधी बघायचं. त्यासाठी ती घड्याळ घेऊन दाजींच्या फेऱ्या मोजायला उभी राहिली. नेमका तेव्हाच जेरे वायरलेसवर बरळला, "पोरी, घड्याळ कशाला? कॅलेंडर आण! माकडखाऊ निघालाय!"

झालं! दाजी पेटले. आठवडाभर क्रेन अशी पळवली की खाली आम्ही जीव मुठीत धरून उभे. ते आकडे संगणकात गेले, त्यावर सगळ्या कारखान्याचं वेळापत्रक बसलं, तांबं वाढलं, साहेब खूश. आणि दाजींच्या गळ्यात तो वेग कायमचा पडला.

छाती फारच भरायला लागली तेव्हा त्यांनी खाली काम मागितलं. साहेब म्हणाले, "तुला काढून बघितलं रे संगणकात. एक भट्टी रिकामी राहते. नाही जमायचं."

"साहेब, तो संगणकातला कबासो मी नाही हो. तो चिडलेला होता."

साहेब हसले. नामुकोलो मात्र हसली नाही. "मी पुन्हा मोजते, बाबा," ती म्हणाली. "छातीला झेपेल तसंच चालवा. खरे आकडे आले की दुसरा माणूस बसवून भागतं का, ते दिसेल."

दाजी हळू चालवायला लागले. ताईनं शेजारणींना सांगूनही टाकलं, आता हे खाली येणार. जेरेनं तर त्या दिवसांत वायरलेसवर तोंड मिटून ठेवलं. न्गोनीनं बेंबासाठी याहून मोठा त्याग केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मोजणीचा एकच दिवस उरला होता. नामुकोलोनं दाजींना, जेरेला आणि मला बोलावून पडदा दाखवला. "जमतंय, बाबा! उद्याचे आकडे असेच आले की तुम्ही मोकळे."

"आणि माझ्या जागी?"

"हे जेरे. त्यांच्या टोकाला धूर कमी असतो, तिथे नवा माणूस शिकेल. हे तुमच्या टोकाला."

"शेवटी माकडाच्या झाडावर चढलो म्हणायचं!" जेरे मोठ्यानं हसला, आणि त्या हसण्यातच त्याला खोकला आला. थांबेचना. भिंत धरून तो वाकला. तो खोकला मला ओळखीचा होता, बहिणीच्या घरी रोज ऐकतो. दाजी त्याच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दाजींनी क्रेन पळवली. पहिल्यापेक्षाही जोरात. मी खालून ओरडलो, "दाजी, हळू! मोजतायत!"

वायरलेसवर उत्तर आलं, "मेव्हण्या, बाजूला हो. माझ्या खुर्चीवर उंदीर बसवताय होय रे?"

मग जेरेला कुठलं राहवतंय! तोही टोमणे मारत सुटला, आणि सगळा कारखाना खो खो हसला. नामुकोलोनं एकदा वर पाहिलं आणि दिसलं ते लिहून घेतलं. ती तरी काय करणार? आकडे संगणकात गेले आणि दाजी पुन्हा वरच राहिले. एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल.

रविवारी जेरे घरी जेवायला आला. न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि कापेंताची सुकी मासळी होती. "वहिनी, मी सांगत होतो ना," तो म्हणाला, "बेंबाला खुर्ची सोडवत नाही. तिथेच मरेल हा."

ताई हसली नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "खरंच हो, माझ्यापेक्षा त्या खुर्चीत जीव तुमचा?"

"मजा येते वर," दाजी म्हणाले.

ताईचे डोळे भरले. मला राहवेना, जेरेच्या खोकल्याचं सांगायला मी तोंड उघडलं. दाजींनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दाबला आणि मासळीचा वाडगा जेरेपुढे सरकवला.