पोहे, टाय आणि झिरो पॉइंट्स

आमच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. लोक ते फॉर्मला पिन मारून पाठवतात! प्रत्येक फॉर्मच्या शेवटी एक मोठा चौकोन असतो, 'आणखी काही सांगायचंय का?' म्हणून. इंग्लिश माणूस तिथे स्वतःचं दुखणं लिहितो. आपली वडीलधारी मंडळी तिथे जावई किती चांगला आहे ते लिहितात.

मी लंडनच्या हाउन्सलोमध्ये, कमी भाड्याची घरं देणाऱ्या एका हाउसिंग असोसिएशनसाठी काम करते. त्या घरांत राहणाऱ्यांना सरकारकडून जी मदत मिळू शकते, ती मिळवून देणं हे माझं काम. मी फॉर्म भरते, फोनवर होल्डचं संगीत ऐकते आणि काका-काकूंवर वैतागते. यातलं तिसरं जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नाही, पण सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो.

*

माझी आई तिकडे पिनरच्या सुखवस्तू वस्तीत माझ्याबद्दल सगळ्यांना सांगते, "ती प्रॉपर्टीमध्ये आहे."

मध्ये एका जेवणाला एक रिटायर्ड डॉक्टरकाका जोरात होते. "बेनिफिट्सवाले म्हणजे नुसते आळशी! आम्ही या देशात आलो, कुणापुढे हात पसरला नाही!" सगळे माना डोलावत होते. मी भांडण टाळायला प्लेट घेऊन किचनमध्ये गेले. मागोमाग काका आले. दार लोटलं. आवाज एकदम खाली.

"अगं, आमच्या आईला तो म्हाताऱ्यांच्या देखभालीचा अटेंडन्स अलाउन्स मिळेल का? उत्पन्न विचारत नाहीत म्हणे."

"मिळेल की."

"पण ते बेनिफिट नव्हे ना?"

"छे हो काका. प्रसाद आहे!"

काकांचा चेहरा उजळला. दोन फॉर्म मागितले.

*

पण आमच्या ऑफिसात खरे गाजलेले ते मोहिते काका.

काका एकसष्ट वर्षांचे. एअरपोर्टवर बावीस वर्षं लोकांच्या बॅगा उचलल्या आणि पाठीचा कणा तिथेच ठेवून आले. तळमजल्यावर दोन बेडरूमचं घर. एका खोलीत काकांचा हॉस्पिटलसारखा कठडेवाला पलंग, दुसऱ्या खोलीत काकू झोपतात, कारण त्या पलंगावर दुसरा माणूस मावत नाही. मुलगी लग्न होऊन गेली आणि सरकारच्या लेखी दुसरी खोली 'जादा' झाली. भाड्याची मदत कापली. हे घर परवडेना. पर्याय काय, तर चौथ्या मजल्यावरचा एक बेडरूमचा फ्लॅट. लिफ्ट आहे, पण तिच्यावर कायम एक सूचना चिकटवलेली असते.

यातून सुटायचा मार्ग एकच. ज्यांना रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागते, त्यांना पिप नावाचा भत्ता मिळतो. काकांना तो मिळाला, तर काकूंची खोली नियमाने काकूंचीच राहते.

म्हणजे काकांनी फक्त एवढंच सांगायचं होतं, की मला मदत लागते.

फक्त एवढंच!

*

"काका, आंघोळ एकट्याने करता येते?"

"अर्थात!"

"कुणाची मदत?"

"काही नाही. ही फक्त मला आत नेते, स्टुलावर बसवते, पाणी घालते, साबण लावते, अंग पुसते आणि बाहेर आणते."

"मग तुम्ही काय करता?"

काकांनी क्षणभर विचार केला. "मी सूचना देतो."

*

मग फॉर्मवर लिहायची वेळ आली, की नवरा-बायको वेगवेगळ्या खोल्यांत झोपतात. काकूंनी माझा पेनचा हात धरला.

"हे नको गं लिहूस. लोक काय म्हणतील?"

"कोण लोक, काकू? हा फॉर्म कोण वाचणार आहे?"

"तेच. ते भाड्याची मदत देणारे युनिव्हर्सल क्रेडिटवाले."

पस्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला, आपलं घटस्फोटाचं चाललंय असं एका सरकारी कॉम्प्युटरला वाटेल, याची भीती! मी लिहिलं. त्यांनी माझ्यासमोर देवाला हात जोडले आणि त्याची माफी मागितली.

माफी मागून भागणार नव्हतं. आमच्याच ऑफिसातला ग्रेग दुसरी खोली खरंच झोपायला वापरतात का, हे पाहायला जाणार होता. तो येणार म्हणून काकूंनी सकाळीच आपली गादी गुंडाळली, काकांच्या कठड्याच्या पलंगावर दोन उशा शेजारी शेजारी मांडल्या, आणि स्वतःची खोली रिकामी दिसू नये म्हणून माळ्यावरची सगळी भांडी काढून तिथे रचली.

ग्रेगने रिपोर्टमध्ये लिहिलं: 'बेडरूम दोन. वापर: पातेली.'

मी फोन केला. "काकू, असं का केलंत?"

"परका पुरुष गादी बघणार! बरं दिसतं का ते?"

ग्रेगला परत पाठवायला मला त्याला तीन वेळा कॉफी पाजावी लागली.

*

मग काकांच्या घरी असेसर आला, म्हणजे जितकी मदत लागते तितके पॉइंट्स देणारा सरकारी माणूस. नाव केव्हिन. लाजरासा, हातात लॅपटॉप. काका किती आजारी आहेत हे पाहायला तो आला होता, आणि काका सूट-टाय घालून बसले होते! सूट काकूंनी घालून दिला. त्याला दीड तास लागला, पण तो दीड तास केव्हिन यायच्या आधीचा.

मी पोहोचेपर्यंत केव्हिनच्या पुढ्यात पोह्यांची दुसरी प्लेट होती.

"हाऊ आर यू टुडे, मिस्टर मोहिते?"

"व्हेरी फाइन, थँक यू! अँड यू?"

मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. त्यांना पायात संवेदनाच नाही. हे मी विसरले, आणि त्यांनी ते मला फॉर्मवर लिहू दिलं नव्हतं.

महिन्याभराने रिपोर्ट आला. झिरो पॉइंट्स. 'अर्जदार नीटनेटके व प्रसन्न होते. त्यांनी मला तीनदा खाण्याचा आग्रह केला. संभाषणकौशल्य उत्तम.'

मी डोकं धरून बसले. काका रिपोर्ट हातात घेऊन काकूंना म्हणाले, "बघ! सरकारी माणसाने लिहून दिलंय!"

*

आम्ही अपील केलं. माझी मॅनेजर डेबी हिला जज बनवून ऑफिसात तालीम घेतली.

"काका, तुम्हाला खोटं बोलायचं नाहीये. फक्त खरं सांगायचंय."

"अगं, खोटं बोलायचं असतं तर एका दमात बोललो असतो," काका म्हणाले. "खरं सांगायचं म्हणजे लाज वाटते."

मी पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले नाही. डेबी ओरडली. तिला एक शब्दही कळला नव्हता, पण तालीम पाऊण तास पुढे सरकत नव्हती.

*

ट्रिब्युनलमध्ये अपिलाच्या सुनावणीच्या दिवशी समोर तिघं होते: एक जज बाई, एक डॉक्टर आणि अपंगांच्या अडचणी जाणणारा एक सभासद. काकांनी काकूंबद्दल आधीच कळवलं होतं, 'माय वाइफ हॅज नो इंग्लिश.' म्हणून कोर्टाने एक मराठी दुभाषी पाठवली होती. साठीच्या बाई, मोत्याच्या कुड्या, अतिशय सभ्य.

जज बाईंनी काकांना विचारलं, "टॉयलेटला मदत लागते का?"

"नो प्रॉब्लेम, मॅडम."

तेव्हा त्या काकूंकडे वळल्या. दुभाषी बाईंनी घसा साफ केला. "तुमच्या यजमानांना सकाळी... आवरायला जरा वेळ लागतो का हो?"

"आवरायला?" काकू म्हणाल्या. "अहो बाई, मी बसवते, मी उठवते, मी पुसते. कंबर अडली की अर्धा-अर्धा तास दोघं तिथेच असतो."

दुभाषी बाई कानापर्यंत लाल झाल्या. मग जजकडे वळून गोड आवाजात म्हणाल्या, "शी सेज, मॉर्निंग्ज आर अ लिटल स्लो."

मी उठलेच! पण काकूंनी माझा हात धरून मला खाली बसवलं, पदर सारखा केला आणि थेट जज बाईंकडे पाहिलं.

"मॅडम, दॅट इज नॉट व्हॉट आय सेड. आय लिफ्ट हिम. आय वॉश हिम. आय वाइप हिम. एव्हरी मॉर्निंग, फॉर सिक्स इयर्स. ही होल्ड्स द सिंक अँड ही सेज, डोन्ट टेल एनीवन."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले.

अर्ध्या तासाने आम्हाला परत आत बोलावलं. पिप मंजूर. खोली काकूंची, घर दोघांचं.

बाहेर बस स्टॉपच्या बाकावर काकांनी हळूच विचारलं, "तुला इंग्लिश येतं?"

काकूंनी त्यांच्या काखेत हात घातला.

"बस आली," त्या म्हणाल्या. "उठा."