शांतारामदादांची झाडं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. लपवायचंच होतं असंही नाही — पण नेमकं काय सांगायचं, तेच मला धड कळत नव्हतं. आज तरी कळतंय का? बघू. सुरुवात तर करते.

रत्नागिरीत आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर नगरपरिषदेची बाग आहे. कातळावर माती आणून टाकलेली, त्यामुळे झाडं हट्टानं जगलेली. मी शाळेतून निवृत्त झाले आणि तिथल्या बागमित्र मंडळात जायला लागले. आम्ही दहा-बारा जण. दर रविवारी सकाळी पालापाचोळा गोळा करून खताच्या खड्ड्यात टाकायचा, मे महिन्यात रोपांना पाणी घालायचं, पाइप फुटला की नगरपरिषदेत अर्ज द्यायचा. सुमतीताई आमच्या अध्यक्ष, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या डॉक्टर. झाडांना नावाच्या पाट्या लावायच्या ठरल्या तेव्हा त्या म्हणाल्या, हे काम बाईंचं. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय त्यांनी.

शिकवलं होतं, खरंच. फुलाचा उभा छेद मी फळ्यावर डोळे मिटून काढला असता. पण समोर उभं असलेलं झाड कुठलं — ते मला ओळखता येत नव्हतं.

ही एक गोष्ट मी तेव्हाच हसत हसत कबूल केली असती तर? एवढं काय कठीण होतं त्यात?

पहिलीच पाटी चुकली. मी 'ऐन' लिहून आणलं. बागेचे माळी शांतारामदादा खुरपं हातात घेऊन जवळ आले, इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली आणि हळूच म्हणाले, "बाई, ह्यो ऐन नाय. किंजळ हाय. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी असते."

माझी लाज राखायला ते हळू बोलले होते. मी पाटी पिशवीत परत टाकली.

मग मी रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊ लागले. शांतारामदादा मंडणगडकडचे, लहानपण सगळं रानात गेलेलं. कुंभ्याच्या झाडाची साल ठेचून ओढ्याच्या कोंडीत टाकली की मासे गुंगतात, कुठल्या झाडाची काठी नांगराला चालते, कुठल्या लाकडानं चुलीत धूर होतो — ते सांगायचे, मी वहीत लिहायची. घरी येऊन पुस्तकात शास्त्रीय नाव शोधायची. शाळांच्या सहली यायला लागल्या, तशी ती माहिती मी मुलांना सांगू लागले. मुलं टाळ्या वाजवायची. शांतारामदादा कधी जवळच झाडांना आळी करत असायचे. त्यांच्याकडे बोट दाखवून 'हे यांनी सांगितलं' असं मी एकदाही म्हटलं नाही. ते विसरून का मुद्दाम? मला खरंच ठरवता येत नाही.

पण कबूल करायचंय ते हे नव्हे. हे एक वेळ चाललं असतं.

शांतारामदादा वयोमानाप्रमाणे निवृत्त होणार होते. बायको वारलेली, मुलगे मुंबईला, गावचं घर बंद. त्यांनी सुमतीताईंना विचारलं होतं की बागेतच काही काम मिळेल का, इथं जीव रमतो. सुमतीताईंनी तो विषय मंडळाच्या सभेत घेतला. सहलींना झाडं दाखवायला मंडळानं त्यांनाच ठेवावं, थोडंफार मानधन द्यावं, असं त्या म्हणाल्या. सगळ्यांना पटलं. मग त्या माझ्याकडे वळल्या, "बाई, तुम्हीच त्यांना जवळून बघितलंय. जमेल ना त्यांना?"

मी म्हणाले, "माणूस कामाला चांगला आहे. पण मुलांसमोर माहिती सांगायची म्हणजे — त्यांना गावठी नावं येतात, तीही निम्मी चुकीची."

एवढंच. दोन वाक्यं. कुणी वाद घातला नाही. जीवशास्त्राच्या शिक्षिकेशी कोण वाद घालणार? विषय संपला, चहा आला.

मी असं का बोलले? ते मुलांसमोर उभे राहिले असते तर माझं सगळं उसनं आहे हे उघडं पडलं असतं, म्हणून? आज असं वाटतं. त्या क्षणी मात्र मनात काहीच नव्हतं. तोंडातून वाक्य निघालं आणि ते इतकं सरळ, इतकं शांत आवाजात निघालं की मलाच खरं वाटलं.

सभा बागेतल्या शेडमध्ये होती. खिडकी उघडी होती. खिडकीखालच्या नळावर शांतारामदादा फावडी धूत होते. त्यांनी ऐकलं का? नळाचा आवाज मधूनमधून येत होता. पण मी बोलले तेव्हा तो चालू होता की बंद — हे मी किती वेळा आठवून बघितलं असेल! काही केल्या आठवत नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "बाई, वही आणलीत काय? ऱ्हायलेली झाडं दाखवतो. मी गेल्यावर कोन सांगनार तुमाला?" आणि दोन तास त्यांनी मला सबंध बाग फिरवली. पान चुरगळून वास द्यायचे, दोन सारख्या झाडांतला फरक दाखवायचे, मी नीट लिहिलं ना ते विचारायचे. ऐकलं नव्हतं म्हणून? की ऐकलं होतं, म्हणूनच? त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं मंडणगडला गेले, त्या बंद घरात.

त्यानंतर सहली मीच घेत राहिले. सगळे म्हणतात, बाईंचा अभ्यास मोठा.

मागच्या पावसाळ्यात त्यांच्या सुनेचा सुमतीताईंना फोन आला — शांतारामदादा गेले. शेवटी शेवटी बागेबद्दल फार बोलायचे म्हणाली. रविवारी मंडळानं शोकसभा घेतली. सुमतीताई म्हणाल्या, बाईंनी बोलावं, त्यांची ओळख जास्त. मी उठले. बोलायला भरपूर वेळ होता, थांबवणारं कुणी नव्हतं, आणि ज्यांच्यासमोर खोटं बोलले होते तेच सगळे समोर बसले होते.

मी म्हणाले, "शांतारामदादा फार कष्टाळू होते. प्रामाणिक होते." आणि खाली बसले.