कुलूप शाबूत आहे

कुलूपवाल्याला खऱ्या नावाने हाक मारणारं त्या गल्लीत कोणी उरलं नव्हतं. सगळे त्याला 'खातरजमा' म्हणत, आणि तेही तोंडावर. जिन्याखालच्या कपाटाएवढ्या दुकानात बसून हा गृहस्थ दिवसभर किल्ल्या घासायचा आणि गिऱ्हाईक किल्ली घेऊन निघालं की मागून ओरडायचा, "थांबा, आधी खातरजमा करून घ्या!" धंद्याला ते शोभूनही दिसायचं. पण दुकान बंद केलं तरी सवय काही दुकानात राहत नव्हती. दुधात पाणी किती, रद्दीवाल्याचं बोट तराजूला लागतंय का, समोरचा आज उगाच हसला तो का, सगळ्यात याचं नाक. बरं, संशय खोटा निघाला तर माणसाने खूश व्हावं की नाही? हा उलट आणखी चिंतेत पडायचा. म्हणजे आपल्याला अजून सापडलं नाही!

याच्या मागे एक जुनं दुखणं होतं. लग्न नवं असताना बायको कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, दार नुसतं लोटलेलं, आणि तेवढ्यात कोणीतरी त्याच्या वडिलांच्या हत्यारांची पेटी उचलून नेली. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला. सकाळी दुकानात जाताना तो घराला बाहेरून कुलूप लावायचा. बायको आत. दुपारी जेवायला यायचा तेव्हा उघडायचा. "दाराला कुलूप दिसलं की चोर परत जातो," हे त्याचं शास्त्र. शेजारणी खिडकीतून कोथिंबीर देत, गप्पा मारत, आणि आपापल्या घरी गेल्यावर हळहळत. इतक्या वर्षांत त्यांनाही त्याचं काही वाटेनासं झालं. माणसाला कशाचीही सवय होते हो, हीच तर भीती.

मुलगी शाळेच्या कचेरीत कामाला होती. तिथल्या मुलांची ने-आण करणारा एक व्हॅनवाला तिच्या मनात भरला. आठवडाभर शाळेची पोरं, आणि शनिवार-रविवारी व्हॅन रिकामी, म्हणून हा पठ्ठ्या लोकांना तंबूत राहायला न्यायचा. शहरापासून दोनेक तासांवर तळं, काठाला माळ, जुन्या बाजारातून घेतलेले तंबू. शिधा आपापला आणायचा, चूल तो पेटवून द्यायचा. हॉटेलाच्या एका जेवणाच्या पैशांत इथे अख्खं कुटुंब दोन दिवस राहून यायचं.

"एवढं स्वस्त?" खातरजमाच्या कपाळाला आठी पडली. "कुठेतरी पाणी मुरतंय."

"बाबा, एकदा येऊन बघा," मुलगी म्हणाली. "हो म्हणालात तर लग्न आनंदाने होईल. नाही म्हणालात तरी होईल. पण मग मी या दाराला पुन्हा हात लावणार नाही."

पोरगी बापावर गेली होती, बोलली की बोलली. एकुलती एक लेक हातची जायची, नाहीतर डोळे मिटून एका तंबूवाल्याच्या हवाली करायची. बायकोला त्याने काही विचारलं नाही. तिला विचारायचं असतं हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

शनिवारी स्वारी निघाली. मागे तीन कुटुंबं, पुढे व्हॅनवाला, आणि त्याच्या शेजारी डोळ्यांत तेल घालून खातरजमा. गाडीचे कागद आहेत का, टायर कधी बदलले, हा आरसा तिरका का? व्हॅनवाला सगळ्याला "हो काका", "बघतो काका" करत होता. इतका गोड बोलतोय म्हणजे गडी पक्का आहे, खातरजमाने मनात नोंद केली.

माळावर पोचल्यावर तर त्याची झोपच उडायची वेळ आली. तंबूला दारच नाही! नुसती एक चेन, वरून खाली ओढायची.

"याला कडी?"

"कडी नसते काका."

"मग माणूस झोपतो कसा?"

"डोळे मिटून," व्हॅनवाला म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. बायकोही हसली. खातरजमाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने खिशातून एक छोटं कुलूप काढलं, चेन ओढायची कडी आणि तंबूच्या तळाची कडी जवळ आणल्या आणि त्यांत अडकवून दाखवलं. बसलं की! त्या दिवसातला हा त्याचा एकमेव आनंद.

संध्याकाळी बायको बटाटे चिरत तळ्याकडे तोंड करून बसली होती. रोजची स्वयंपाकाची घाई ती विसरूनच गेली होती. खातरजमाचं लक्ष मात्र व्हॅनवाल्यावर. तो झाडांपलीकडच्या घरातल्या बाईशी हळू आवाजात बोलत होता. बाईने त्याला मोठी रिकामी पिशवी दिली, त्याने मान डोलावली. काय ही कुजबूज? कसली पिशवी?

सकाळी उजाडता उजाडता खातरजमाला पावलं ऐकू आली. चेन थोडी उघडून पाहतो तो व्हॅनवाला तीच पिशवी घेऊन एकटाच झाडीकडे निघालेला. सापडला! खातरजमा चपला हातात घेऊन बाहेर पडला. मुलगी पलीकडच्या तंबूत इतर बायकांबरोबर झोपली होती. आपल्या तंबूत बायको गाढ झोपेत. त्याने चेन ओढली, कड्या जुळवल्या आणि कुलूप लावलं. विचार करून नाही लावलं. हातानेच लावलं, रोजच्यासारखं.

झाडीत शिरून पाहतो तर काय? व्हॅनवाला खाली वाकून प्लास्टिकच्या बाटल्या, कागदी ताटल्या, कोणाकोणाची उष्टी पाकिटं गोळा करत होता. मागच्या आठवड्यात दुसरेच कोणी येऊन घाण करून गेले होते. खातरजमा एका झाडामागून दुसऱ्या झाडामागे सरकत राहिला. पिशवीत भलतंच काही जातंय का, हे बघायला नको?

शेवटी पलीकडच्या घरातली ती बाईच मागून आली. "काय हरवलं का हो?"

खातरजमा दचकला. "नाही, मी... हा पोरगा काय करतोय?"

"माळ माझा आहे. तो झाडून पुसून ठेवतो, कचरा गाडीतून घेऊन जातो. म्हणून मी त्याच्याकडून भाडं घेत नाही."

म्हणजे पाणी मुरत होतं ते इथे! स्वस्ताईचं कोडं सुटलं. आता तरी माणसाने सुटकेचा श्वास टाकावा. पण छे! परत येताना खातरजमा स्वतःशीच पुटपुटत होता, "एवढा चांगला? काहीतरी असणारच."

तळ्याकाठी आला आणि थबकला. बायको पाण्यात पाय सोडून बसली होती, हातात चहाचा पेला. केस मोकळे. आजूबाजूची मंडळी तंबूकडे बघत होती. मुलगी आईच्या खांद्याला धरून उभी, डोळे लाल.

त्याने तंबूकडे पाहिलं. कुलूप जिथल्या तिथे लटकत होतं. तंबूच्या मागच्या बाजूला मात्र वरपासून खालपर्यंत उभी चीर पडली होती, आणि बटाटे चिरायची सुरी तिथेच गवतात पडली होती.

"अगं, हे काय केलंस? दुसऱ्याचा तंबू!"

"कुलूप शाबूत आहे तुमचं," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "बघून घ्या."

"हाक मारायची ना! इतकी माणसं होती, कोणीही..."

"हाक?" आता ती वळली. "सुरुवातीला घरी मारायचे हाका. तुम्ही म्हणायचात, ओरडू नकोस, लोकांना कळेल आत कोणी आहे. मग सोडून दिलं. हाक मारायची असते हेच विसरले बघा मी. घराची भिंत दगडाची होती. ही कापडाची निघाली."

तेवढ्यात व्हॅनवाला पिशवी खांद्यावर टाकून आला. त्याने चीर पाहिली, कुलूप पाहिलं, आणि सरळ तिच्याकडे गेला. "काकू, हाताला लागलं नाही ना कुठे?"

तंबूबद्दल एक शब्द नाही.

"नाही रे बाळा," ती म्हणाली. मग नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला कोणी विचारलं नाही. तरी सांगते. माझा होकार आहे."

मुलीने बापाकडे पाहिलं. त्याने कुलूप काढून खिशात घातलं, दोनदा मान हलवली, आणि ती 'हो' अशीच हलली. परतीच्या वाटेवर त्याने टायरचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, की अख्ख्या गल्लीच्या किल्ल्या या हातांनी घासल्या, पण आपल्या घराची दुसरी किल्ली कधी केलीच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याला लाज वाटली. तशी लाज त्याला आजवर वाटली नव्हती. त्याने चांगली पितळेची किल्ली घेतली, मन लावून घासली, काठ गुळगुळीत केले. दुपारी घरी जाऊन तिच्यासमोर धरली.

"ही तुझी."

तिने ती उलटसुलट करून पाहिली. "चालते का?"

"म्हणजे काय! मी केलीय."

"तरी खातरजमा केलेली बरी," ती म्हणाली. चपला घातल्या, बाहेर गेली, दार ओढून घेतलं. किल्ली कुलपात फिरली. खट्. हजारदा ऐकलेला आवाज, पण आतल्या बाजूने त्याने तो कधी ऐकला नव्हता.

"चालतेय ना?" तो हसत म्हणाला. "उघड आता."

किल्ली काही परत फिरली नाही. त्याने दार ओढून पाहिलं. पक्कं होतं, त्याचंच काम.

"अगं? ए अगं!"

जिन्यावरून तिच्या चपला खाली उतरत गेल्या, घाई नसलेल्या बाईच्या. तो आणखी मोठ्याने हाक मारणार होता. मग त्याने तोंड मिटलं, आणि दाराशी जमिनीवर बसून तिची वाट बघू लागला.